केडगावात बोटीचं पोस्टर कशाला?

केडगावात पाणी म्हणजे कालव्याचं आवर्तन. ते कधी सुटणार, शेपटाकडच्या रानाला पोचणार का, यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास बोलणं होतं. समुद्राचा विषय सहसा निघत नाही. अशा गावात घराच्या भिंतींवर बोटींची जुनी पोस्टरं लावून बसलेला निवृत्त चित्रकला शिक्षक बहुधा मी एकटाच असेन. नवा पाहुणा आला की ठरलेला प्रश्न येतो, "सर, मर्चंट नेव्हीत होता का तुम्ही?" मी नाही म्हटलं की पाहुणा आमच्या सौभाग्यवतींकडे सहानुभूतीनं बघतो.

मला या छंदाची बाजू मांडायची आहे आणि त्याच दमात त्याच्याशी भांडायचंही आहे. जुन्या प्रवासी पोस्टरांची हौस आपल्याकडे वाढते आहे. पुण्यातल्या कॅफेत जा, मुंबईतल्या एखाद्या वकिलाच्या कचेरीत जा, भिंतीवर एक पांढरीशुभ्र आगबोट आणि खाली ठळक अक्षरांत ‘बॉम्बे’ असतंच. हौसेला माझी ना नाही. पण परक्या कंपन्यांनी परक्या गिऱ्हाइकांसाठी छापलेला कागद आपण काचेत मढवतो, आणि आपल्याच माणसांच्या जलप्रवासाचा कागद किलोच्या भावानं रद्दीवाल्याला देतो. माझं भांडण या व्यवहाराशी आहे.

विमान सर्वांच्या आवाक्यात येण्याआधी, म्हणजे ढोबळ मानानं १९२० ते १९६५ या काळात, बोट कंपन्यांची खरी लढाई भिंतींवर चालली. मुंबईशी नातं असलेली नावं घ्यायची तर पी अँड ओ, लिव्हरपूल ते मुंबई अशी फेरी करणारी अँकर लाइन आणि इटलीची लॉइड ट्रिएस्टिनो. अँकर लाइनच्या ‘सर्केशिया’, ‘सिलिशिया’, ‘कॅलेडोनिया’ या बोटींची नावं विलायतेला डॉक्टरी शिकायला गेलेल्या पिढीच्या तोंडी असत. ती सेवा १९६६ मध्ये संपली. लॉइड ट्रिएस्टिनोच्या ‘आशिया’ आणि ‘व्हिक्टोरिया’ या जुळ्या बोटी १९५३ मध्ये सुरू झाल्या, सुएझमधून मुंबईला येऊन पुढे हाँगकाँगपर्यंत जायच्या. १९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद पडला तो आठ वर्षं. तोवर जेट विमानांनी उरलंसुरलं गिऱ्हाईक पळवलं होतं. बोटी भंगारात गेल्या, पोस्टरं लिलावात.

चित्रकार म्हणून सांगतो, यातली उत्तम पोस्टरं खरोखरच उत्तम आहेत. कासांद्र या फ्रेंच चित्रकाराचं १९३५ चं ‘नॉर्मंडी’ घ्या. ही बोट मुंबईला येणारी नव्हती, अटलांटिकवरची होती, पण तिचं पोस्टर जगातल्या कुठल्याही चित्रशाळेत भिंतीवर असायला हवं. बोटीचं नाक समोरून, पाण्याच्या पातळीवरून दिसतं. सगळा कागद त्या एका काळ्या पोलादी भिंतीनं व्यापलेला. आणि तळाशी, पाण्याजवळ, पांढऱ्या पक्ष्यांचा चिमुकला थवा. ते पक्षी झाकले तर बोट खेळण्यातली वाटते. पक्षी उघडे ठेवले की ती चार मजली होते. आमच्या शाळेत मी प्रमाण शिकवायचो ते याच्या एका छोट्या छापील नकलेवरून. उसाच्या फडातून थेट वर्गात आलेल्या आणि बोट कधी न पाहिलेल्या पोरांना तो धडा एका झटक्यात कळायचा. एलिमेंटरीच्या पुस्तकातून महिनाभरात कळत नसे.

दुसरी गोष्ट छपाईची. आरंभीची पोस्टरं शिळाछापाची, म्हणजे लिथोची. दगडावर चिकट पेन्सिलीनं उलटं चित्र काढायचं, एकेका रंगाला एकेक दगड, आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून नेमक्या जागी बसवून काढायचा. पुढं दगड गेले, जस्ताचे पत्रे आले. हे तंत्र आपल्याला परकं नाही. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला आणि पुढं फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेऊन चालवला. आपल्या आज्यांच्या देव्हाऱ्यामागच्या लक्ष्मी-सरस्वती तिथं याच पद्धतीनं छापल्या गेल्या. मळवली आमच्याच रेल्वेमार्गावर आहे, पुण्याच्या पलीकडं. युरोपातल्या गोदीच्या भिंतीवरची बोट आणि माझ्या आजीची कमळातली लक्ष्मी एकाच घराण्यातल्या, हे समजल्यावर माझा संकोच गेला आणि मी उघडउघड गोळा करायला लागलो.

गोळा करायला लागलो म्हणजे दौंड-पुणे गाडीनं पुण्याला जायचं आणि बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात खाली मान घालून फिरायचं. मुंबईला कामानिमित्त जाणं झालं तर चोरबाजारात मटन स्ट्रीटला. तिथं मिळतं त्यातलं बहुतेक नकली, हे आधी समजून घ्या. ओळखायच्या काही खुणा मी सगळ्यांना फुकट सांगतो. भिंग घेऊन रंगाचा सपाट भाग बघा. बारीक ठिपक्यांची सारखी जाळी दिसली तर ते पोस्टरावरून काढलेल्या फोटोचं ऑफसेट छापकाम आहे. लिथोत रंग सलग असतो, नाहीतर खडूच्या रेघेसारखा खरबरीत. कागद अंधारात अतिनील टॉर्चखाली धरा. निळसर पांढरा चमकला तर त्यात कृत्रिम पांढरेपणा आणणारं रसायन आहे. असा कागद साधारण १९५० नंतरचा, तेव्हा ‘१९३० चं अस्सल’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढं चला. तळाशी मुद्रकाचं नाव आहे का बघा. घड्यांच्या खुणा असतील तर घाबरू नका, पोस्टरं टपालानं बरेचदा घड्या घालून जायची. आणि काठ सगळे सरळ, कोरे, एका मापात कापलेले असतील तर मात्र घाबरा.

अस्सल पोस्टर हाती लागलं तर त्याला कापडाची पाठ लावतात. परदेशात याचे कारागीर आहेत आणि ते पुष्कळ पैसे घेतात. आपल्याकडं शाळेतले जुने भिंतीवरचे नकाशे आठवा: मागं मांजरपाट, वरखाली लाकडी दांड्या. तेच काम गव्हाच्या पातळ खळीनं होतं. आमच्या शाळेत नकाशे दुरुस्त करत करत मला ते जमलं. उलट, तालुक्याच्या गावी एका दुकानदारानं माझं एक पोस्टर मला न विचारता लॅमिनेट करून दिलं होतं. त्याला वाटलं मास्तरांना खूश करू. प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये गरम इस्त्रीखाली गेलेला कागद परत सोडवता येत नाही. ते पोस्टर आता भाचीच्या लेकराच्या खोलीत आहे, आणि तिथं त्याला कोणी खडूनं रंगवलं तरी माझी तक्रार नाही.

इथवर छंदाची बाजू झाली.

आता या पोस्टरांत कोण आहे ते बघू. डेकवर आरामखुर्चीत रेललेली गोरी बाई. दुर्बीण लावलेले साहेब. किनाऱ्यावर ताडाचं झाड, घुमट, कधी हत्ती, फेटेवाला हमाल. ‘भारत पाहा’ म्हणणारी पोस्टरं भारतातल्या माणसासाठी नव्हती, हे उघड आहे. त्यात काही पाप नाही, जाहिरात गिऱ्हाइकाकडे तोंड करूनच उभी राहते. पण ती बोट चालवत कोण होतं? पी अँड ओच्या बोटींवरचे डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येनं रत्नागिरीच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, भोजनगृहातले वाढपी गोव्याचे. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावांचे ‘कूड’ होते. बोट सुटेपर्यंत दर्यावर्दी तिथं ट्रंक ठेवून राहायचे. पोस्टरातल्या त्या पांढऱ्या कठड्याला रंग देणारा हात दाभोळचा किंवा जयगडचा असणार. तो हात कुठल्याही पोस्टरात मला अजून सापडलेला नाही, आणि मी भिंग घेऊन शोधणारा माणूस आहे.

प्रवाशांतही आपली माणसं होतीच, फक्त त्यांच्या प्रवासाची कोणी रंगीत जाहिरात करणार नव्हतं. १९१० च्या ८ जुलैला मार्सेय बंदरात ज्या बोटीच्या खिडकीतून सावरकर समुद्रात उतरले ती ‘मोरिया’ पी अँड ओची. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर लंडनहून परतले तेव्हा त्यांच्या पुस्तकांच्या पेट्या वेगळ्या बोटीनं येत होत्या. ती बोट पाणतीर लागून बुडाली. समुद्र पोस्टरांत नेहमी इतका निळा का असतो असं एका विद्यार्थ्यानं मला विचारलं होतं. मी त्याला या दोन गोष्टी सांगितल्या आणि म्हटलं, निळा रंग स्वस्त होता.

आणि केडगावचा समुद्राशी काही संबंध नाही, असं मी वर सुचवलं असलं तरी ते खरं नाही. आमच्या गावाला ज्यांच्यामुळं जगात नाव मिळालं त्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या दोन वर्षांच्या लेकीला, मनोरमेला, घेऊन मुंबईहून बोटीनं इंग्लंडला गेल्या. तिकिटाचे पैसे जमले ते त्यांच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या मराठी पुस्तकाच्या विक्रीतून. मराठी पुस्तकाच्या कमाईवर विलायतेचं तिकीट! आजच्या लेखकानं हे वाक्य दोनदा वाचावं. १८८६ मध्ये त्या अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. तिथून अमेरिका पालथी घालून, सॅनफ्रान्सिस्कोहून प्रशांत महासागर ओलांडून जपान, हाँगकाँग करत १८८९ च्या आरंभी भारतात परत आल्या. म्हणजे पृथ्वीला पूर्ण वळसा. एकोणिसाव्या शतकात, मराठी विधवेनं. पुढं दुष्काळात आणि प्लेगच्या वर्षांत त्यांनी शेकडो मुलींना घेऊन केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथं बायकांनी खिळे जुळवून छापखाना चालवला, रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथंच छापलं गेलं.

‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ चं, अमेरिकेवरचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ चं. ही दोन्ही वाचायला मिळतात म्हणून तो प्रवास आपल्याकडे उरला. पण तिकीट? सामानाच्या पेटीवरची चिठ्ठी? बोटीवरच्या जेवणाचा कागद? शाकाहारी बाईनं त्यात काय खाल्लं असेल, हा मला नेहमी पडणारा प्रश्न. पी अँड ओनं आपल्या जाहिराती, वेळापत्रकं, जेवणाची कार्डं जपली, त्यांचा वारसा-संग्रह आहे, संशोधक तिथं जातात. कंपनीनं ते केलं कारण तिला स्वतःबद्दल मोठं वाटत होतं. आपल्याला आपल्या प्रवासाबद्दल तेवढं वाटायला काय हरकत आहे?

एक बोट तर मला विशेष छळते. कॅनेडियन पॅसिफिक या कंपनीची पोस्टरं संग्राहकांत फार मानाची. त्यांच्या पांढऱ्या ‘एम्प्रेस’ बोटी व्हँकुव्हरहून जपान-हाँगकाँगला जायच्या. त्यातली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ १८९१ पासून प्रशांतावर धावली. १९१४ मध्ये ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडं आली, युद्धात तिचं रुग्णालय झालं आणि नाव ‘लॉयल्टी’ झालं. युद्ध संपल्यावर ती विकत घेतली वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. शिंद्यांची बोट म्हणून कंपनीचं नाव सिंदिया. ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली आणि म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. वालचंदांनी ज्या माळरानावर कारखाना आणि गाव वसवलं ते वालचंदनगर आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात. दौंड तालुक्यातल्या कुठल्याही बागायतदाराला वालचंदांचं नाव माहीत आहे, ते साखरेसाठी. त्यांच्या बोटीचं ‘एम्प्रेस’पणीचं चित्र परदेशी संग्राहकाच्या घरात सापडू शकतं. ‘लॉयल्टी’ झाल्यानंतरचा, मुंबईच्या धक्क्यावर वाटलेला एखादा कागद तुम्ही कधी पाहिलात का? मी नाही पाहिला. १९२३ मध्ये ती बोट मुंबईतच मोडीत काढली.

हे झालं विलायतेचं. खरी हळहळ कोकणच्या बोटींची आहे.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. पावसाळ्यात बंद. बऱ्याच ठिकाणी ती बंदराबाहेरच थांबायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, पोरंबाळं पडावातून वरखाली व्हायची. डेकवर वळकटी पसरली की ती जागा तुमची. गिरणगावातला चाकरमानी मे महिन्यात, शिमग्याला असाच गावी पोचला. गिरण्या, गोद्या, खानावळी, या सगळ्या शहराला माणसं पुरवणारा रस्ता पाण्यातून जात होता. सत्तरच्या दशकात गोव्याकडे निघालेले हिप्पीही त्याच डेकवर झोपले. त्यामुळं ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींच्या आठवणी इंग्रजीत सहज सापडतात. ऐंशीचं दशक संपेपर्यंत ती वाहतूकही संपली.

या बोटींना नावं काय होती बघा. स्वदेशीच्या काळात निघालेली देशी कंपनी लोकांत ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखली जायची. तिच्या बोटी ‘तुकाराम’, ‘रामदास’. गोऱ्या कंपनीला तोंड द्यायचं तर कोकणी माणसाला बोटीविषयी आपलेपणा वाटला पाहिजे, हे ज्यानं ओळखलं तो जाहिरातकलेतला जाणताच म्हणायचा. त्या कंपनीचं रंगीत पोस्टर असतं तर मी त्याच्यासाठी माझी सगळी भिंत रिकामी केली असती. ‘तुकाराम’ ११ नोव्हेंबर १९२७ ला बुडाली. त्याच दिवशी, त्याच वादळात ‘जयंती’सुद्धा. ‘रामदास’ १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिना राहिला असताना, आषाढी अमावास्येला रेवसकडे जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. पोस्टरांत समुद्राला लाट नसते. त्या दिवशीच्या समुद्राची आठवण अलिबाग-रेवस भागातल्या घरांत अजून निघते.

मी सहलीच्या निमित्तानं मालवण-देवगडला गेलो की वयस्कर माणसं गाठून विचारतो, बोटीचा काही कागद शिल्लक आहे का? मालवणच्या धक्क्यावर एका काकांनी मला उडवूनच लावलं. "तिकीट कित्याक ठेवतलव मास्तरांनू? बोट लागान आडवे पडलेले आम्ही. धक्को दिसलो ह्याच खूप!" खरंच आहे त्यांचं. ज्यानं उलट्या करत रात्र काढली तो तिकीट कशाला जपेल? छापील वेळापत्रक म्हणजे त्यांच्या लेखी एसटीच्या फलकाएवढीच वस्तू. आमच्या चौफुल्याच्या रस्त्यावर तमाशाच्या फडांची पोस्टरं लागतात, पुढच्या जत्रेला त्यांच्यावर दुसरी चिकटतात. कोण खरवडून घरी नेतं? रोजच्या उपयोगाचा कागद रोजच मरतो. म्हणूनच तो जपण्याचं काम एका माणसाच्या भावनेवर सोडता येत नाही, संस्थेला करावं लागतं.

आता कोणी म्हणेल, कॅफेवाल्यांनी ती उणीव भरून काढली. तरुण चित्रकार हल्ली जुन्या ढंगात ‘मालवण’, ‘मुरुड’, ‘बॉम्बे हार्बर’ अशी नवी पोस्टरं काढतात. काही फार देखणी आहेत, रंगांची जाण उत्तम. माझी हरकत एकच: त्यावर आजचं साल आणि आपली सही ठळक टाका. नाहीतर वीस वर्षांनी कोणी तरी ते पुस्तकात छापेल आणि खाली लिहील, ‘१९३८ मधील मालवण बंदराची जाहिरात’. जे कधी छापलंच गेलं नाही त्याची आठवण तयार होईल, आणि जे छापलं गेलं ते कसरीच्या पोटात. ही भीती काल्पनिक वाटत असेल तर जुन्या बाजारात माझ्याबरोबर एक रविवार या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शेतीला पाणी नाही, शाळेला शिक्षक नाहीत आणि मास्तर बोटींच्या तिकिटांसाठी सरकारी पैसा मागतात! तर पैसा फार लागत नाही, हे मी कागदाशी आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतो. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. मुंबईत मेरीटाईम हिस्टरी सोसायटी आहे, ती १९७८ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या पुढाकारानं सुरू झाली. आवटींचा मला जास्तच आदर, कारण निवृत्तीनंतर ते राहिले फलटणजवळच्या विंचुर्णीत, समुद्रापासून माझ्याइतकेच लांब, आणि तिथून त्यांनी शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्वप्नं नौदलाच्या तरुणांना दिली. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडमधली जुनी ग्रंथालयं आहेत, त्यांतली काही शतक ओलांडलेली. राज्याच्या मेरीटाईम बोर्डानं या सगळ्यांना एक पत्र पाठवावं, तालुक्याला एक खोकं ठेवावं, आणि लोकांना सांगावं की बोटीचा कुठलाही कागद आणून द्या. तिकीट, सामानाची पावती, वेळापत्रकाचं पत्रक, खलाशाची नोंदवही, बॅलार्ड पिअरवर हार घालून काढलेला फोटो, वर्तमानपत्रातली ‘उच्च शिक्षणासाठी परदेशी प्रयाण’ची चौकट. हे सगळं पोस्टराएवढं देखणं नसेल. पण रत्नागिरीतून विसाव्या शतकात किती माणूस पाण्यावरून कुठं गेला, कितीला गेला, कोणत्या वर्गानं गेला, हे त्यातूनच कळेल. पोस्टरातून फक्त गोऱ्या बाईची टोपी कळते.

घाईही आहे. ज्यांनी त्या डेकवर रात्री काढल्या त्यांतले तरुणसुद्धा आता साठीच्या पुढं गेलेत. घरं पाडून इमारती होताहेत, माळे रिकामे होताहेत. आताची भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो २०२० मध्ये सुरू झाली. तिचं तिकीट मोबाइलवर येतं, त्याचं तर कागद म्हणून काही उरणारच नाही.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर असं काही आहे त्यांच्यासाठी चित्रकलेच्या मास्तरांच्या चार सूचना. सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून कागद खातो. लॅमिनेशन करू नका, त्याबद्दल वर बोललोच आहे. कागद वहीत न दाबता स्वच्छ पाकिटात सपाट ठेवा. जवळ वेखंड ठेवा, आपल्या पोथ्या तशाच टिकल्या. आणि पाकिटावर, कागदावर नव्हे, साध्या पेन्सिलीनं लिहा: कोण गेलं, कुठून कुठं, साल कुठलं, बरोबर कोण होतं. आजी अजून हयात असेल तर आजच विचारून लिहा.

आणि एक उघड देवघेव. माझ्याकडं लॉइड ट्रिएस्टिनोचं पन्नाशीतलं एक अस्सल पोस्टर आहे, लिथो, कापडाची पाठ लावलेलं, एका कोपऱ्याला पाण्याचा डाग. लिलावात त्याला बरी किंमत येईल असं जाणकार सांगतात. मुंबई-वेंगुर्ला बोटीचं मराठीत छापलेलं एक वेळापत्रक कोणाकडे असेल, अर्धं कसरीनं खाल्लेलं असलं तरी चालेल, तर मी हे पोस्टर त्यांच्या घरी स्वतः नेऊन पोचवीन. फ्रेम मात्र देणार नाही, सागवानी आहे.